दिव्याखाली पाखरं!

दीपगृह बांधायला जागा कशी लागते? किनाऱ्यापासून तुटलेली, चहूबाजूंनी मोकळी, जहाजांना धोक्याची. समुद्रपक्ष्यांना घरट्यासाठीही अशीच जागा लागते, कारण तिथवर उंदीर-मांजर सहसा पोचत नाही. हजारो किलोमीटर उडून थकलेल्या पाहुण्या पाखरांना समुद्र ओलांडल्यावर पहिली जमीन दिसते तीही हीच. म्हणून दुर्मिळ पक्षी पाहायचे असतील तर नकाशावर आधी दीपगृहं शोधावीत. नेहमीच्या सहलींच्या वाटेवर नसलेली अशी काही टोकं आणि त्यांचे भन्नाट किस्से. सुरुवात अर्थातच आपल्या कोकणातून.

१. लाळेचं घर, आवाजाची वाट

सिंधुदुर्गात निवती-भोगव्याच्या किनाऱ्यावरून नजर लांबवली की भर समुद्रात खडकांचा पुंजका दिसतो. सागरी नकाशांवर त्याचं नाव वेंगुर्ला रॉक्स. इथे दीपगृह आहे आणि खडकांच्या पोटातल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत. ही पाकोळी पश्चिम घाट, त्याचा किनारा आणि श्रीलंका एवढ्याच टापूत घर करते. घर तरी कशाचं? स्वतःच्या लाळेचं! लाळ वाळून कडक होते, त्यात शेवाळ आणि पिसं मिसळलेली असतात. काळोख्या गुहेत उडताना ती ‘टक् टक्’ आवाज काढते आणि प्रतिध्वनीवरून भिंत कुठे, घरटं कुठे ते ओळखते. बहुतेक वटवाघळांचे असे आवाज आपल्या कानांना पकडता येत नाहीत, पाकोळीचे मात्र स्पष्ट ऐकू येतात.

पूर्व आशियात पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप महागडं पक्वान्न मानलं जातं. त्यापायी इथली घरटीही चोरीला जाऊ लागली होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हा प्रकार उजेडात आणून पाकोळ्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकातच वेंगुर्ल्याच्या पाकोळ्यांवर आणि इथे घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांवर लिहून ठेवलं होतं.

२. चोळांचा दिवा, मुंबईकरांची कडी

तमिळनाडूत वेदारण्यमजवळ कोडियाक्कराई नावाचं टोक आहे. इंग्रजी नकाशांवर पॉइंट कॅलिमेर. चोळ राजवटीच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा इथल्या जुन्या दीपगृहाचा अवशेष २००४ च्या त्सुनामीने नेला. हिवाळ्यात इथल्या खाजणात रोहित आणि चिखलपक्ष्यांचे थवे उतरतात. या पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांचे प्रवास उलगडण्याचं काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथे वर्षानुवर्षं केलं आहे. टोकाला चमच्यासारख्या पसरट चोचीचा आणि आज जगात मोजकाच उरलेला ‘स्पून-बिल्ड सँडपायपर’ या किनाऱ्यावर नोंदला गेला आहे. दुर्बीण तयार ठेवा!

३. एका मांजरीने अख्खी जात संपवली?

न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतल्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं. राखणदारांसोबत मांजर आलं. ते रोज एक चिमुकला तपकिरी पक्षी तोंडात धरून आणू लागलं. डेव्हिड लायल या सहायक राखणदाराने ते पक्षी जपून तज्ज्ञांकडे पाठवले आणि काय आश्चर्य! जगाला अज्ञात असलेली, उडता न येणारी ‘रेन’ जातीची पाखरं निघाली. लायलने ती जिवंतही पाहिली होती. संध्याकाळी खडकांतून उंदरासारखी तुरुतुरु धावताना. इंग्लंडमध्ये वॉल्टर रॉथशील्ड यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं नामकरण केलं. पाठोपाठ ती नाहीशी झाली.

एकाच मांजरीने एक जात संपवली, ही कथा जगभर सांगितली जाते. खरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. बेटावर मांजरं वाढून रानटी झाली होती. १९२५ पर्यंत ती तिथून हटवावी लागली. त्याच्या शेकडो वर्षं आधी मुख्य भूमीवरची ही पाखरं माणसांसोबत आलेल्या उंदरांपुढे टिकली नव्हती. बेट हा त्यांचा शेवटचा आसरा होता. आज इथे सरड्यासारखा दिसणारा प्राचीन तुआतारा सुखाने नांदतो. परवानगीशिवाय बेटावर पाऊल ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

४. साठीतली आजी

त्याच देशात ड्युनेडिन शहराजवळच्या टाइआरोआ टोकावर १८६४ साली उभारलेलं दीपगृह आहे. शेजारी जगातली एकमेव अशी रॉयल अल्बट्रॉसची वसाहत, जी बेटावर नसून वस्तीलगतच्या मुख्य भूमीवर आहे. पंखांचा पसारा सुमारे तीन मीटर! अंडी चोरीला जात, पिल्लं मारली जात. लान्स रिचडेल या शिक्षकाने तिथे तळ ठोकून राखण केली आणि १९३८ मध्ये पहिलं पिल्लू सुखरूप आकाशात झेपावलं. ‘ग्रँडमा’ नावाची इथली मादी १९३७ मध्ये कडं घातलं तेव्हाच प्रौढ होती आणि १९८९ पर्यंत दिसत राहिली. म्हणजे साठी ओलांडलेली आजीच ती!

५. कोळशाचा दिवा, पफिनचं राज्य

स्कॉटलंडमधलं पहिलं दीपगृह १६३६ मध्ये आइल ऑफ मे या बेटावर पेटलं. दिवा कसला, मनोऱ्याच्या माथ्यावरची कोळशाची शेगडीच! १८१६ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेलं नवं दीपगृह दिसायला थेट राजवाडा. आजूबाजूच्या बिळांत हजारो पफिन जोड्या राहतात. एप्रिल ते सप्टेंबर अँस्ट्रुथर बंदरातून होड्या सुटतात. मात्र ऑगस्टचा मध्य उलटला की पफिन समुद्रात निघून जातात. तिथलं दुसरं जुनं दीपगृह आता पक्षिनिरीक्षकांचं निवासस्थान आहे.

६. चित्रं काढायला आला, पाखरांत रमला

उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड हे चिमुकलं बेट. १८३७ मध्ये हाइनरिश गेटके हा तरुण चित्रकार समुद्राची चित्रं काढायला इथे आला आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत इथलाच होऊन राहिला. अंधाऱ्या, ढगाळ रात्री दीपगृहाभोवती पाखरांचे लोंढे घिरट्या घालत. बेटावरचे लोक त्यांना पकडून खात, गेटके मात्र त्यांच्या नोंदी ठेवत असे. पन्नासहून अधिक वर्षांत या एवढ्याशा जमिनीवर त्याने जवळपास ४०० जाती नोंदवल्या! पाखरं खाण्यासाठी पकडायच्या तिथल्या युक्तीवरून पुढे नरसाळ्याच्या आकाराचा मोठा जाळीदार सापळा तयार झाला. आज जगभरातले अभ्यासक कडी घालण्यासाठी तो वापरतात आणि त्याला ‘हेल्गोलँड ट्रॅप’ म्हणतात.

इथलं आजचं दीपगृह मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानविरोधी तोफांचा मनोरा. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी बेटावर प्रचंड स्फोट घडवला, त्यातून हा मनोरा तेवढा बचावला. जूनमध्ये गेलात तर उडताही न येणारी गिलेमॉटची पिल्लं उंच कड्यावरून बेधडक उड्या टाकताना दिसतील.

७. टपालातून आला पंख!

पक्षी स्थलांतर कधी आणि कुठून करतात, हे शोधायला एकोणिसाव्या शतकात ना रडार होतं ना उपग्रह. मग कामी आले दीपगृहांचे राखणदार. १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या दीपगृहांवर छापील तक्ते पाठवले गेले: तारीख, वारा, पक्षी, संख्या भरा. आयर्लंडमध्ये रिचर्ड बॅरिंग्टन यांनी त्याही पुढची शक्कल लढवली. दिव्यावर आपटून मेलेल्या पक्ष्याचा एक पंख आणि एक पाय पाठवा, असं त्यांनी राखणदारांना कळवलं. त्या टपालातून जमलेल्या माहितीचा जाडजूड ग्रंथ १९०० मध्ये निघाला. विल्यम ईगल क्लार्क तर १९०१ च्या शरद ऋतूत भर समुद्रातल्या एडीस्टोन दीपगृहात महिनाभर मुक्काम ठोकून बसले. कशासाठी? रात्री जाणारी पाखरं मोजण्यासाठी!

८. कैदेत पाहिलेलं स्वप्न

शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधलं फेअर आइल म्हणजे वाट चुकलेल्या पाखरांचं माहेर. सायबेरियातले चिमणीहून लहान वटवटे वाऱ्याने भरकटून इथे उतरतात आणि युरोपभरचे पक्षिवेडे धावत सुटतात. जॉर्ज वॉटरस्टन हा सैनिक १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने फेअर आइलवर पक्षिनिरीक्षण केंद्र काढायचे बेत रचले. आजारपणामुळे सुटका झाली, आणि घरी परतताना जहाजावरून मायदेशाची पहिली जमीन दिसली ती नेमकी फेअर आइलच! पुढे त्याने ते बेटच विकत घेतलं आणि १९४८ मध्ये केंद्र सुरू केलं. बेटावर १८९२ ची दोन दीपगृहं आहेत. त्यांतलं दक्षिणेचं दीपगृह ३१ मार्च १९९८ रोजी स्वयंचलित झालं. स्कॉटलंडमधलं माणसांनी चालवलेलं ते शेवटचं दीपगृह.

९. दिव्याचा रंग बदलला, पाखरं वाचली

चंद्र नसलेल्या, धुक्याच्या रात्री पाखरांना तारे दिसत नाहीत. मग ती दीपगृहाच्या झोताकडे खेचली जातात, घिरट्या घालून थकतात, मनोऱ्यावर आपटतात. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ ते १९०२ अधिकृत दीपगृह होता, तिथेही हेच घडत होतं. यावर उपाय निघत गेले. थकलेल्या पाखरांना टेकायला दीपगृहांभोवती दांड्या बसवल्या गेल्या. इंग्लंडमधल्या डंजनेसचा अख्खा मनोराच उजेडात ठेवण्यात आला, म्हणजे पाखरांना तो दिसावा.

वेल्सच्या बार्डसी बेटावरचं १८२१ चं चौकोनी दीपगृह अशा मृत्यूंसाठी कुप्रसिद्ध होतं. २०१४ मध्ये तिथे फिरत्या पांढऱ्या झोताऐवजी लाल एलईडी दिवा आला आणि हा संहार थांबला. याच बेटावर १९५७ मध्ये कडं घातलेला एक मँक्स शिअरवॉटर २००३ मध्येही जिवंत सापडला होता. दरवर्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येणारा हा पक्षी!

१०. लाटांतून वाचवलेल्या कोंबड्या

अमेरिकेतल्या मेन राज्यात मॅटिनिकस रॉक नावाचा उघडा खडक आहे. जानेवारी १८५६ मध्ये राखणदार सामान आणायला किनाऱ्यावर गेला आणि वादळाने समुद्र बंद झाला. मागे उरली त्याची आजारी बायको, लहान मुली आणि १६ वर्षांची मुलगी अ‍ॅबी बर्जेस. तिने चार आठवडे एकाही रात्री दिवा विझू दिला नाही. लाटा घरात शिरत असताना बाहेर पळत जाऊन कोंबड्याही उचलून आणल्या. गमावली फक्त एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अटलांटिक पफिनची एकच जोडी उरली होती, तीही याच खडकावर. संरक्षण मिळालं आणि आता तिथे शेकडो पफिन आहेत.

मेनच्याच किनाऱ्याजवळच्या मकायस सील बेटावर अमेरिका आणि कॅनडा दोघेही हक्क सांगतात. आपला दावा राहावा म्हणून कॅनडा तिथल्या दीपगृहावर आजही माणसं ठेवतो. पफिन दोन्ही देशांचे!

११. गाव एक, पाखरू भलतीकडे

न्यू जर्सीच्या केप मे टोकावर १८५९ चं दीपगृह आहे, १९९ पायऱ्यांचं. अलेक्झांडर विल्सन यांनी १८११ मध्ये इथे मिळालेल्या एका पाखराला ‘केप मे वॉर्बलर’ नाव दिलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं ते केप मे मध्ये कुणाला दिसलंच नाही! शरद ऋतूत मात्र दीपगृहाच्या पायथ्याशी उभं राहून शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर पाहणं हा अमेरिकेतला मोठा सोहळा.

१२. दंतकथा परत आली

चीनच्या किनाऱ्याजवळ, पण तैवानच्या ताब्यात असलेली मात्सू बेटं. तिथल्या डोंगजू बेटावर १८७२ चं दगडी दीपगृह आहे, वाऱ्यापासून राखणदारांचा बचाव करणाऱ्या लांबलचक पांढऱ्या भिंतीसह. २००० साली मात्सूच्या एका खडकावर सुरय पक्ष्यांचं चित्रीकरण सुरू असताना थव्यात काही वेगळ्याच चोची दिसल्या: पिवळ्या, टोकाला काळ्या. तो होता चायनीज क्रेस्टेड टर्न, कायमचा नाहीसा झाला असं मानला गेलेला पक्षी! आज तो जगातल्या सर्वांत दुर्मिळ समुद्रपक्ष्यांपैकी एक आहे आणि त्याला पाहायला उन्हाळ्यात होड्या निघतात.

निघण्याआधी

● कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद. ऑक्टोबर ते मार्च उत्तम.
● आपल्याकडची अनेक दीपगृहं ठरावीक वेळेतच तिकीट काढून पाहता येतात. वेळ आधी विचारा. बेटांवर उतरायची परवानगी वेगळी लागते.
● गुहेत शिरू नका, घरट्यांवर ड्रोन उडवू नका, पाखरांना बोलावायला मोबाइलवर आवाज वाजवू नका.
● बेटावर जाताना पिशव्या झटकून पाहा. एक उंदीरही घात करतो.
● स्थानिक होडीवाल्यालाच घ्या. पाखरं कुठे बसतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्यातून त्याची कमाई झाली तर पाखरांनाही तो सांभाळतो.
● पाहिलंत ते लिहा: तारीख, वारा, पक्षी, संख्या. ‘ईबर्ड’सारख्या ठिकाणी ती नोंद जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

दिवे आता आपोआप लागतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणचे राखणदार गेले आणि त्यांच्या वह्याही बंद झाल्या. या टोकांवर पोचणारे आता आपणच आहोत. म्हणून पुढच्या सहलीत दुर्बिणीसोबत एक वही आणि पेन्सिलही घ्या.