नोंदीतला खाडा

दुधाचा एक खाडा लिहायचा राहिला, तर फार तर लिटरभर दुधाचे पैसे जादा जातात. पण पोलिसांच्या नोंदीतच खाडा पडला तर?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात आम्ही चार दिवस गावाला गेलो आणि तेवढे खाडे लिहायचे राहून गेले. महिनाअखेरीला हिशेबावरून वाद! "वहिनी, कुठे लिहून ठेवलंय का?" एवढाच दूधवाल्याचा प्रश्न. लिहिलं नव्हतं, मग काय करणार? मुकाट्यानं पैसे दिले.

त्याच आठवड्यात माझी भाची शिकायला अमेरिकेला जायची तयारी करत होती. बॅगेत चटण्या-मसाले भरता भरता ताई म्हणाली, "तिकडे म्हणे दुकानात कुणालाही बंदूक मिळते!" भाची हसली. "कुणालाही नाही गं आई. आधी माणसाची तपासणी होते." तपासणी होते म्हणजे नेमकं काय होतं? मी वाचायला बसले, आणि फिरून फिरून तो दुधाचा खाडाच आठवत राहिला.

या तपासणीमागे एका पत्नीची चिकाटी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्याला गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. त्यांची पत्नी सारा ब्रेडी यांनी बंदूकविक्रीवर अंकुश हवा, म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. १९९३ मध्ये 'ब्रेडी कायदा' झाला. नोव्हेंबर १९९८ पासून परवानाधारक दुकानदाराला बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव केंद्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे 'एफबीआय'च्या यंत्रणेत तपासून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं.

पण मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. संगणकाला ठाऊक असतं ते फक्त कुणीतरी त्यात भरलेलं! अटक करतात गावचे पोलीस, निकाल लागतो कोर्टात आणि नोंद ठेवायची राज्याच्या कचेरीनं. तिथून ती एफबीआयकडे जायची. या साखळीतला एखादा कागद कुठल्या तरी कपाटात राहिला, की तपासणीत माणूस अगदी स्वच्छ दिसतो.

त्यातही बायकांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण. १९९६ च्या दुरुस्तीनुसार, बायकोला किंवा घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला, गुन्हा किरकोळ गणला गेला असला तरी, बंदूक बाळगता येत नाही. कायदा चांगलाच आहे. पण पुष्कळदा कोर्टाच्या कागदावर नुसतं 'मारहाण' एवढंच लिहिलेलं असतं. मार कुणाला बसला? दारूच्या गुत्त्यात भांडणाऱ्या परक्याला, की घरात बायकोला? ते नातंच नोंदीत नसतं! मग जुने अहवाल मागवा, फोन करा... आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक विकू शकतो.

हे खाडे भरून काढण्यासाठी अमेरिकेचं न्याय खातं १९९५ पासून राज्यांना अनुदान देतं. कार्यक्रमाचं नाव अगदी रुक्ष आहे - 'राष्ट्रीय गुन्हे-इतिहास सुधारणा कार्यक्रम'. या पैशातून काय होतं? शाईनं घेतलेल्या बोटांच्या ठशांऐवजी ठसे टिपणारी यंत्रं येतात. खोक्यांत पडलेली जुनी कार्डं संगणकावर चढतात. अटकेच्या नोंदीला कोर्टाचा निकाल जोडला जातो. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यांवर तशी खूण केली जाते. नवऱ्यानं बायकोच्या जवळ फिरकू नये, असा कोर्टाचा आदेश असेल तर तो दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनाही दिसावा, अशी सोय होते. फीत कापायला मंत्री यावेत असं यात काहीच नाही. सगळं कारकुनी काम!

पण ते झालं नाही की काय होतं, ते १६ एप्रिल २००७ रोजी जगानं पाहिलं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना गोळ्या घातल्या. त्यात आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. हा विद्यार्थी स्वतःच्या जिवाला धोका आहे, असं २००५ मध्येच न्यायाधिकाऱ्यानं ठरवून त्याला उपचार घ्यायला सांगितलं होतं. पण उपचार इस्पितळात दाखल न होता घ्यायचे होते, म्हणून ती नोंद राज्यानं केंद्राकडे पाठवलीच नाही. दोन्ही बंदुका त्यानं रीतसर तपासणी होऊन घेतल्या. त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये नोंदी सुधारण्याचा नवा कायदा आला आणि त्यासाठी वेगळं अनुदानही.

मग प्रश्न सुटला का? नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज गावातल्या चर्चमध्ये, पोटातल्या बाळासह २६ जीव गेले. मारेकरी हवाई दलातला. बायकोला आणि तिच्या लहानग्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्ये लष्करी न्यायालयानं त्याला शिक्षा दिली होती. बायको सुटली, गुन्हा सिद्ध झाला, शिक्षाही झाली... आणि हवाई दलानं ती नोंद एफबीआयला कळवलीच नाही! त्यानं दुकानातून बंदुका घेतल्या, तेव्हा संगणकानं काहीच हरकत घेतली नाही. मृतांमध्ये त्याच्या दुसऱ्या बायकोची आजीही होती. इथे राज्याकडे पैसा नव्हता असंही म्हणायची सोय नव्हती. कळवायचं काम होतं, ते कुणी केलं नाही. पुढे २०१८ च्या कायद्यानं केंद्रीय खात्यांना आणि राज्यांना नोंदी पाठवण्याच्या योजना आखायला लावल्या. अनुदान देताना घरगुती हिंसेच्या नोंदींना प्राधान्य द्यायचंही ठरलं.

याला दुसरीही बाजू आहे. अपुरी नोंद निरपराध माणसालाही छळते. पाळणाघरात किंवा शाळेत काम मागणाऱ्या बाईची पूर्वतपासणी होते. तिला कधीकाळी अटक झाली, पुढे कोर्टानं सोडलं. पण नोंदीत अटक आहे, सुटका नाही! नोकरी हातची जाऊ शकते. म्हणजे नोंद नुसती असून भागत नाही, ती पुरी लागते.

हे वाचताना आपल्याकडची चौकी डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहिली नाही. 'नवरा मारतो' म्हणून गेलेल्या बाईला "घरचं भांडण आहे, घरीच मिटवा" असं सांगून परत पाठवल्याचं किंवा नुसती एन.सी. लिहून घेतल्याचं आपण किती वेळा ऐकतो! दोन वर्षांनी काही बरंवाईट झालं, की "पूर्वी कधी तक्रार होती का?" हाच पहिला प्रश्न. दूधवाल्याचाच प्रश्न तो - कुठे लिहून ठेवलंय का?

म्हणून एवढंच सांगते. तक्रार द्यायची वेळ आलीच, तर काय लिहिलंय ते वाचा. मारणारा आपला कोण लागतो, ते त्यात आलंय ना, ते बघा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, तो आपला हक्क आहे. ती घेतल्याशिवाय उठू नका.

भाची परवा विमानात बसली. निघताना ताईनं तिच्या हातावर दही ठेवलं. मी तिला एक छोटी वही दिली. "मावशी, आता वह्या कोण वापरतं?" म्हणाली, पण पर्समध्ये ठेवली. आणि हो, या महिन्याचे दुधाचे खाडे मी त्या त्या दिवशीच लिहिते आहे!