मोहफुलांची पहाट, तलावांची दुपार : अर्जुनी मोरगावची एक दिवसाची सहल

पोर्तुगालमधील पोर्तो हे जुने बंदर पाहण्यास गेलेला पर्यटक नदीपलीकडील मद्यकोठारांना भेट दिल्याशिवाय सहसा परतत नाही. सकाळी वाटाड्याबरोबर जुन्या शहराचा फेरफटका, दुपारी पिंपांच्या रांगांमधून फिरत ‘पोर्ट’ वाइनचा आस्वाद, असा तेथील सहलीचा ठरलेला क्रम आहे. आपल्या शेजारी गोव्यातही पणजीच्या फोंतेन्यश वस्तीतील जुन्या घरांबरोबर फेणीची भट्टी दाखविणाऱ्या सहली निघतात. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. नाशिकमध्ये द्राक्षमळ्यांच्या सहली आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत.

या सहलींचे सूत्र साधे आहे. त्या भूमीत पिकणारी वस्तू, तिच्यापासून बनणारे पेय आणि ती वस्तू जपणाऱ्या माणसांचा इतिहास ही तिन्ही एकाच दिवसात पाहायला मिळाली, की प्रवासी ते ठिकाण विसरत नाही. या कसोटीवर विदर्भाच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुका पाहिला, तर काय दिसते? येथे समुद्र नाही. पण तलाव आहेत. द्राक्षे नाहीत, पण मोह आहे.

पहाटेची वेचणी

मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या मोहावर फुलांचे घोस लागतात. रात्री उमललेली मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे टपटप गळू लागतात. उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढले की फुले कोमेजतात आणि गुराढोरांची व रानातील प्राण्यांची त्यांच्यावर धाड पडते. वेचलेली फुले अंगणात वाळवून साठविली जातात. पूर्वी टंचाईच्या काळात हेच अन्न होते. आजही मोहाचे लाडू होतात, पिठात मिसळून भाकरी होते आणि बियांचे तेल निघते.

वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवली, की त्यांतील साखर आंबते. या आंबवणाला येथे ‘सडवा’ म्हणतात. तो मडक्यात उकळून, निघालेली वाफ थंड करून जे गोळा होते ते मोहाचे मद्य. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत आला तो अशा भट्ट्यांवरूनच. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण आणि देवपूजा या साऱ्यांत मोहाला स्थान आहे. ते केवळ नशेचे पेय नव्हे.

कायदा काय म्हणतो?

येथेच पोर्तो आणि अर्जुनी मोरगाव यांच्या वाटा वेगळ्या होतात. परवान्याविना दारू गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार गुन्हा आहे. त्यामुळे द्राक्षाची वाइन ही ‘संस्कृती’ आणि मोहाची दारू ही ‘हातभट्टी’, अशी विभागणी झाली. त्यात अलीकडे दोन बदल झाले. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या साठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. 2022 मध्ये मोहफुले, काजूबोंडे यांसारख्या स्थानिक फळाफुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्य’ या वर्गात स्थान देण्याचा निर्णय झाला. मध्य प्रदेशाने याच सुमारास वेगळी वाट धरली. तेथे मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ ठरवून त्याचे उत्पादन आदिवासी बचत गटांकडे सोपविण्याचे धोरण आले.

फरक केवळ नावाचा नाही. परवाना, यंत्रसामग्री, बाटली आणि बाजार यांना भांडवल लागते. ते ज्याच्याजवळ आहे तो मद्य विकेल आणि फुले वेचणारी बाई किलोमागे मिळेल त्या भावाने कच्चा माल विकत राहील. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासी ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क वेचणीपुरताच राहणार, की प्रक्रियेपर्यंत जाणार, हा खरा प्रश्न आहे.

याला दुसरी बाजूही आहे. तालुक्याची सीमा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो आणि तेथे 1993 पासून दारूबंदी आहे. ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीतून आली. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याचा अधिकारही राज्यातील स्त्रियांना आहे. घरोघरच्या भट्टीवर पर्यटक नेणे म्हणजे या स्त्रियांच्या लढ्यावर पाणी ओतणे होईल. म्हणून आजच्या घडीला या सहलीत आस्वाद घ्यावा तो मोहाच्या लाडवांचा आणि भाकरीचा. चोरून मिळणाऱ्या दारूच्या वाटेला जाऊ नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्या शुद्धतेची हमी कोणी देत नाही.

तलावांचा इतिहास

दुपार तलावांची. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय 18 व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. सात टेकड्यांच्या, म्हणजे ‘सात बहिणीं’च्या, कुशीत पाणी अडविणाऱ्या या माणसाला लोकांनी देव केले. कोलासूर देवाचे ठाणे आजही पुजले जाते. राजाने नव्हे, तर शेतकऱ्याने बांधलेले हे स्मारक आहे.

कोहळी समाजाने भंडारा-गोंदियात असे असंख्य तलाव उभे केले. पाणी अडविणारी मातीची ‘पार’, शेतात पाणी सोडणारे ‘तुडुम’ आणि जादा पाणी वाहून नेणारी ‘सलंग’ ही त्यांची स्थापत्याची भाषा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढण्याची गावाची जबाबदारी विस्कळीत झाली. पुढे बेशरमीच्या झुडपांनी अनेक तलाव व्यापले. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील स्त्री-पुरुष ती झुडपे उपटून, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावून तलाव जिवंत करीत आहेत.

नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी येथील पक्षी आणि माणसे मराठी वाचकांच्या घरी पोचविली. हिवाळ्यात येथे पाहुणी बदके उतरतात. जिल्ह्याच्या धानशेतांत महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस अजून दिसतो.

वेळ उरल्यास इटियाडोह धरण आणि गोठणगावची तिबेटी वसाहत पाहावी. जवळच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि तेथेच दर्गाही आहे.

कसे जाल?

अर्जुनी हे गोंदिया-नागभीड-बल्लारशा लोहमार्गावरील स्थानक आहे. महामार्गावरचे सडक अर्जुनी हे वेगळे तालुक्याचे गाव असल्याने पत्ता विचारताना ‘मोरगाव’ जोडण्यास विसरू नये. मोहासाठी मार्च-एप्रिल, पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. उद्यानात वनविभागाच्या परवानगीनेच जावे. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि मोहफुलांचे पदार्थ थेट बचत गटाकडून विकत घ्यावेत. वेचणीच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत अनेकदा वणव्याला निमित्त होते. त्याऐवजी झाडाखाली जाळी पसरून फुले गोळा करणारी गावे शोधून त्यांचाच माल घेतला, तर पर्यटकाचा पैसा जंगल राखण्याच्याही कामी येईल.