पुराचा फोटो सारेच काढतात, हरभऱ्याचा कोण काढतो?

"सायब, तुमच्या त्या पिक्चरपाई माही उधारी बंद झाली ना!"

भातकुली तालुक्यातल्या पेढीकाठच्या एका गावात एक काका मला असे म्हणाले, तेव्हा आधी मला काही उमजलेच नाही. मग आठवले. २०२२ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली होती. पंचनाम्याच्या कामात मी त्यांच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाण्यात उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. काका हात जोडून उभे, मागे नुसते पाणी. तो मी कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो दहा गावांत फिरला. सप्टेंबरात काका हरभऱ्याच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी दुकानात गेले, तर दुकानदाराने तोच व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. "काका, तुमचं तं सारं गेलं, पैसे कुठून देसान?"

व्हिडिओ खोटा नव्हता. पंचनाम्याला तो लागतच होता. पण जुलै ते सप्टेंबर या दोन महिन्यांत काकांनी काय केले, ते कोणाच्याच मोबाइलमध्ये नव्हते, माझ्याही नाही. चूक माझी होती आणि ती मला लागली. म्हणून हा लेख.

शेतकरी बंधूंनो, आपला भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४.७ लाख हेक्टर जमीन अशी आहे. विहिरीचे पाणी खारट, ओलिताला चालत नाही. मातीत सोडियम जास्त, त्यामुळे ओली झाली की ती फुगते, तिची छिद्रे बंद होतात आणि वरचे पाणी खाली मुरत नाही. दुसरीकडे जे पाणी दोन दिवसांत उतरते, ते आपल्याकडे पाच-सहा दिवस उभे राहते. पूर्णा-पेढीला पूर आला आणि रस्त्याच्या चिखलात ट्रॅक्टर फसला की गावाचे बेट होते. समुद्र नाही एवढेच.

काकांनी काय केले ते ऐका. पाणी कमी होताच शेजारच्या दोन शेतकऱ्यांना घेऊन उताराच्या बाजूने नाल्यापर्यंत चर खोदला. तिघांच्या बांधातून जाणारा चर म्हणजे भांडणाचे घर, पण त्या वर्षी भांडण झाले नाही. सोयाबीन कुजले होते. ते पुन्हा पेरायची वेळ टळून गेली होती आणि बियाण्याला पैसाही नव्हता. उंचवट्यावरची तूर तेवढी तगली. बाकीच्या रानात त्यांनी ढेंचा टाकला. ढेंचा खारवट जमीन सोसतो, पाणीही सोसतो. दीड महिन्याने तो नांगरून गाडला. शेततळे पुराने भरलेलेच होते. जी माती पाणी मुरू देत नाही, तीच शेततळ्यात पाणी धरून ठेवते, हा या पट्ट्याचा एक फायदाच म्हणायचा. ऑक्टोबरात हरभरा पेरला, जाकी ९२१८. दुकानदाराने नाही म्हटल्यावर बियाणे साल्याकडून आणले. तुषार संचाने दोन पाणी दिले, एक फुलोऱ्याआधी, दुसरे घाटे भरताना. हरभरा घरात आला. उधारीचे तोंड पुन्हा उघडले, पण ते पुढच्या खरिपात.

यात नवे शास्त्र काही नाही. चर, हिरवळीचे खत, शेततळे, संरक्षित ओलीत हे आमचे खाते आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) खारपाणपट्ट्याची ९३२ गावे होती, तेव्हाही हेच सांगितले गेले. पण पुरानंतर नेमक्या कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने, हातात पैसा नसताना हे कसे करायचे, ते पुस्तकात नाही. ते काकांपाशी आहे आणि काकांचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे.

दूरचे एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या ताब्यातले प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातले बेट. २० सप्टेंबर २०१७ रोजी तिथे मारिया नावाचे चक्रीवादळ धडकले. शेतातल्या पिकांच्या किमतीपैकी सुमारे ८० टक्के नुकसान झाले, वीज महिनोन्‌महिने नव्हती. सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ मृत्यूंवरच अडला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ झाला. वादळाच्या दिवशी मेलेली माणसे थोडी होती. वीज नाही, औषध नाही, दवाखान्याची वाट नाही, म्हणून नंतरच्या महिन्यांत गेलेली जास्त होती. त्यांच्याकडे आधी कोणी पाहिलेच नव्हते. सेसिलिया अल्दारोन्दो या बाईंनी २०२० मध्ये 'लँडफॉल' हा माहितीपट आणला, तो वादळाचा नाही, त्यानंतरच्या जगण्याचा आहे. माणसे एकमेकांना कशी धरून राहिली, कोणाशी भांडली, बेट कोणाचे यावर काय बोलली, ते त्यात आहे.

आपल्या राज्यातही पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टीव्हीवर दिवसभर उडणारे पत्रे दिसले. श्रीवर्धन भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेही दोन दिवस दिसले. पण तिथली वाडी गुंठ्यात असते, हेक्टरात नाही. म्हणून मदत झाडामागे मोजा, असे तिथल्या बागायतदारांना सांगावे लागले. सुपारीचे नवे रोप फळावर यायला वर्षे लागतात. ती वर्षे त्यांनी कशी काढली हे बघायला कॅमेरे किती वेळ थांबले असतील?

विदर्भावरही चित्रपट झाले. दीपा भाटिया यांचा 'नीरोज् गेस्ट्स' (२००९) हा पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत आपल्या कापूसवाल्या घरांमध्ये फिरतो. पाहताना डोळे भरून येतात. तो हवाच होता, कारण तेव्हा शहराला ऐकूच येत नव्हते. पण मला वाटते, विदर्भाचे चित्र गळफासापाशीच थांबले, हे आपल्या पोरांसाठी बरे झाले नाही.

दुसऱ्या तऱ्हेचे चित्रण आपल्याच जिल्ह्यात झाले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा त्यात तीनच तालुके होते: वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. ११६ गावे उतरली. पहिला क्रमांक साताऱ्याच्या वेळू गावाला गेला. संस्था उभी करणारे आमिर खान, किरण राव, सत्यजित भटकळ हे सारे सिनेमावाले, म्हणून त्यांनी काम चित्रातून शिकवले. पारदर्शक नळीत पाणी भरून उतार कसा काढायचा, चर कुठे घ्यायचा, हे पडद्यावर दिसले आणि मग हाताने केले. पुढे त्याच गावांच्या गोष्टी 'तुफान आलंया' या कार्यक्रमातून घराघरांत गेल्या. त्यातली एक गोष्ट मला पटली. एका गावाने केलेले दुसरे गाव बघते, तेव्हा साहेबाच्या भाषणाची गरज उरत नाही. एक तक्रारही आहे. स्पर्धेत श्रमदान दिसते, पण चार पावसाळ्यांनंतर त्या चरात किती गाळ बसला, ते दाखवायला कॅमेरा क्वचितच परत येतो.

मग आपण काय करायचे? खेड्यात आता बहुतेक घरांत मोबाइल आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक (नावे बदलली, माणसे तीच) पंचनाम्याला येतात. त्यांना लागणारा व्हिडिओ द्याच. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते त्या त्या वेळी विचारून घ्यावे. पण तिथे थांबू नका. धुऱ्यावरचे एक कडुनिंबाचे झाड धरा आणि तिथूनच, त्याच दिशेने, मोबाइल आडवा धरून पुन्हा घ्या: पाणी उतरल्यावर, चर खोदताना, पेरणीला, आणि माल घरात येताना. तारीख, गट नंबर आणि खर्च तोंडाने सांगा, लिहिलेला कागद हरवतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका, हे मी माझ्या कानाला खडा लावून सांगतो. आणि बाईमाणसांना विसरू नका. बियाणे कोणत्या माठात कोरडे राहिले, चारा कोणत्या छपरावर चढवला, पुराच्या रात्री कोणाच्या घरी किती माणसे जेवली, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि पंचनाम्यात त्याचा रकानाच नाही.

हे सारे ग्रामपंचायतीच्या संगणकावर ठेवावे, एक प्रत शाळेत द्यावी. सरपंचांना विनंती की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरावांआधी दहा मिनिटे ते भिंतीवर दाखवावे. त्याच वेळी पुराची भीती ताजी असते. पोरे तरी बघतीलच.

मागच्या हंगामात मी काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी मोबाइल बाहेर काढण्याआधी विचारले. त्यांनी टोपी नीट केली, म्हणाले, "थांबा जी, मी हात जोडणार नाई आता." मग चराजवळ बसून त्यांनी सांगितले, खोली किती, उतार किती, आणि शेजाऱ्याच्या बांधातून न्यायला त्याला कसे मनवले. अर्ध्यात तो शेजारीच आला. "खोटं सांगते बुढा, मीच आधी कुदळ आनली होती," म्हणत तोही शेजारी बसला. बारा मिनिटांचा व्हिडिओ झाला आहे. चराचे तोंड गाळाने भरत चालले आहे, ते दोघांनी बोट करून दाखवले, तेही त्यात आहे. उन्हाळ्यात ते मोकळे करायचे ठरले आहे, तेव्हा कुदळ कोणाची हे कॅमेऱ्यात पक्के होईल.