ग्रीन बॅन चळवळ

ग्रीन बॅन म्हणजे निसर्ग, ऐतिहासिक वास्तू किंवा लोकवस्ती यांना हानी पोहोचवणाऱ्या प्रकल्पावर काम करण्यास कामगार संघटनेने दिलेला सामूहिक नकार. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९७१ ते १९७५ या काळात बांधकाम मजुरांनी ही चळवळ चालवली. कामगार व पर्यावरणवादी यांच्यातील सहकार्याचे हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

त्या काळी सिडनीत बांधकामाची तेजी होती. जुन्या वस्त्या पाडून कार्यालयांच्या उंच इमारती उभारल्या जात होत्या. आपल्या श्रमातून काय उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार कामगारांनाही आहे, अशी न्यू साउथ वेल्समधील बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनचे सचिव जॅक मंडी यांची भूमिका होती.

केलीज बुश

हंटर्स हिल या सधन उपनगरातील केलीज बुश या वनराईच्या जागी आलिशान घरे बांधण्याची योजना होती. तिला विरोध करणाऱ्या १३ स्थानिक महिलांनी १९७१ मध्ये संघटनेकडे मदत मागितली. मंडी हे कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. त्यामुळे ही युती अनपेक्षित होती. रहिवाशांचा पाठिंबा जाहीर सभेतून दिसावा, अशी अट संघटनेने घातली. सभेला सुमारे ६०० लोक आले आणि बंदी लागू झाली. विकासकाने संघटनेबाहेरील मजूर आणण्याची तयारी दर्शवताच त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीवरील कामगारांनी तेथील काम कायमचे थांबवण्याचा इशारा दिला.

विस्तार व मर्यादा

१९७४ पर्यंत ४० हून अधिक बंदी जाहीर झाल्या. द रॉक्स ही ऐतिहासिक वस्ती आणि वुलूमुलू येथील कामगारवस्ती यांचा त्यांत समावेश होता. बंदीमुळे रोजगार बुडतो, असा आक्षेप घेतला जाई. संघटनेचा विरोध बांधकामाला नव्हता. कार्यालयांऐवजी घरे, शाळा व रुग्णालये बांधावीत, असे तिचे म्हणणे होते. तेजीमुळे अन्यत्र काम मिळत असल्याने नकार देणे मजुरांना शक्य झाले. पुढे मंदी आली आणि १९७५ मध्ये संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वाने राज्य शाखेचा ताबा घेतला. त्यानंतर चळवळ ओसरली.

परिणाम

न्यू साउथ वेल्समध्ये १९७७ साली वारसा संरक्षण कायदा झाला. केलीज बुश आज सार्वजनिक राखीव वनराई आहे.