न दिसणारी कारागिरी

तारनाक्याच्या एका अंगास उस्मानिया विद्यापीठ आहे, तर दुसऱ्या अंगास लालागुड्याची रेल्वे वसाहत. परीक्षेची वेळ आणि गाडीची वेळ, दोन्ही चुकवून चालत नाही. तेव्हा हैदराबादच्या ह्या भागात मनगटी घड्याळास मान मिळाला असल्यास नवल नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येऊन येथेच स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घराच्या कपाटात आजही आजोबांचे एच.एम.टी.चे ‘जनता’ घड्याळ सापडते. किल्ली दिली की ते टिकटिकू लागते आणि घरात प्रश्न निघतो : ह्याचे मोल ते काय?

त्याचे उत्तर घड्याळाच्या पोटात आहे. किल्ली देताना एका डबीतील पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि दाती चक्रांची माळ फिरवू लागते. तिला मोकळे सोडले, तर साठविलेली सारी शक्ती काही क्षणांत संपून जाईल. म्हणून माळेच्या शेवटी एक चिमुकला लंगर बसविलेला असतो. तो चक्राचा एकेक दाता अडवितो आणि सोडतो. टिकटिक ऐकू येते ती ह्या अडविण्या-सोडण्याचीच. लंगरास ताल देते ते तोलचक्र. केसाहूनही पातळ अशी बालकमान त्यास मागेपुढे झुलवीत असते. ही नागमोडी नव्हे, तर सर्पाच्या वेटोळ्यासारखी कमान डच शास्त्रज्ञ हायगेन्स ह्यांनी १६७५ साली जगापुढे मांडली.

‘जनता’ घड्याळातील तोलचक्र सेकंदास पाच, म्हणजे अहोरात्रात ४,३२,००० हेलकावे घेते. एवढ्या फिरण्याने धातूवर धातू झिजू नये म्हणून आसांची टोके माणकांत टेकविलेली असतात. ‘जनता’त अशी सतरा माणके आहेत. ती कारखान्यात तयार केलेली असल्याने त्यांस जवाहिऱ्याकडे किंमत नाही. त्यांचे महत्त्व आहे ते कठीणपणात आणि गुळगुळीतपणात. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे गेले, तर आपण कुरकुर करतो. परंतु दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती चूक २,८८० भागांत एका भागाची असते.

आता ह्याच जातीचे दुसरे घड्याळ पाहावे. स्वित्झर्लंडमधील कारागीर फिलिप द्यूफूर ह्यांनी २००० साली ‘सिम्प्लिसिटी’ नावाचे घड्याळ लोकांपुढे आणले. तेही किल्लीचेच आहे, आणि तेही तास, मिनिटे व सेकंद एवढेच दाखविते. तरीही आजवर त्याचे सुमारे दोनशेच नग घडले आणि जाणकार त्यासाठी मोठी संपत्ती मोजतात. हे अंतर का पडावे? वेळ दाखविण्याच्या कामात ते सापडत नाही; ते सापडते कामाच्या सफाईत. आतील प्रत्येक पट्टीची कड हाताने उतरती करून आरशासारखी घोटलेली असते. शेवटची झिलई देण्यासाठी डोंगरात उगवणाऱ्या जेन्शियन वनस्पतीच्या काड्या वापरल्या जातात. मालकाच्या दृष्टीस कधी न पडणारा भागही ह्यातून सुटत नाही. तो पाहतो एकच मनुष्य : पुढे केव्हातरी ते घड्याळ उघडणारा घड्याळजी.

आणि येथेच दोन्ही घड्याळे पुन्हा एका पंक्तीस येऊन बसतात. कितीही मोलाचे असले, तरी आतील तेल काही वर्षांनी आटते वा घट्ट होते. मग कुणीतरी डोळ्यास भिंग लावून सारे भाग सुटे करावे, धुवावे, नवे तेल द्यावे आणि पुन्हा जुळवावे, ह्यास गत्यंतर नसते. एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. पुढे स्फटिकाच्या कंपनांवर चालणारी स्वस्त आणि अधिक अचूक घड्याळे आली, किल्लीच्या घड्याळांचे दिवस मावळले आणि २०१६ साली शासनाने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आता ‘जनता’चा एखादा भाग मोडला, तर घड्याळजी तो बहुधा दुसऱ्या निकामी घड्याळातून काढून बसवितो. असे हात मात्र कमी होत चालले आहेत, कारण हे काम शिकण्यास वर्षे लागतात आणि त्याचा मोबदला बेताचाच मिळतो.

म्हणून कपाटातील जुने घड्याळ हाती आले, तर त्यास भराभर किल्ली देऊन ते चालवू नये. वाळलेल्या तेलावर फिरणारे आस झिजतात. आधी ते जाणत्या घड्याळजीकडे न्यावे, आणि त्याने सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नये. बाजार त्या घड्याळाची किंमत काहीही ठरवो. ते उघडून पुन्हा चालते करणारा मनुष्य गावात आहे तोवरच त्यास मोल आहे.