वाकलेल्या उजेडाची साक्ष

२४ जानेवारी १५९७. उत्तर अक्षांश ७६. नोवाया झेम्ल्या बेटाच्या ओसाड किनाऱ्यावर डच खलाशांची एक तुकडी हिवाळा कसाबसा ढकलत होती. उत्तरेच्या समुद्रातून चीनकडे जाणारी वाट शोधायला ते निघाले होते. बर्फाने जहाज आवळून धरले, तेव्हा वाहून आलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या जोडून त्यांनी एक खोपट उभे केले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य पुन्हा उगवलाच नव्हता. हिशेबाप्रमाणे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागेपर्यंत तो दिसायलाही नको होता. त्या दिवशी गेरिट द वेर, कप्तान हेम्सकेर्क आणि आणखी एक सोबती समुद्राच्या बाजूला गेले आणि दक्षिणेला, क्षितिजावर, त्यांना सूर्याची कड दिसली.

त्यांनी खोपटात येऊन ही बातमी सांगितली, तर मोहिमेचा मुख्य दर्यावर्दी विलेम बारेंट्स ती मानायलाच तयार होईना. त्याचे आकाशाचे गणित पक्के होते. सूर्य त्या क्षणी क्षितिजाच्या सुमारे पाच अंश खाली, म्हणजे सूर्याची दहाएक बिंबे एकाखाली एक मांडावीत इतका खोल असायला हवा होता. तीन दिवसांनी तर पूर्ण बिंबच वर आले. मोहिमेतल्या सतरांपैकी बारा जण वर्षअखेरीस ॲम्स्टरडॅमला परतले, बारेंट्स वाटेतच गेला. द वेरने १५९८ मध्ये आपला वृत्तान्त छापला आणि विद्वानांनी त्याला धारेवर धरले. अंधारात तुमची दिवसांची मोजणी चुकली, असा त्यांचा सरळ निष्कर्ष होता. खोटारडा नाही तर अडाणी, एवढीच निवड त्याच्यासाठी शिल्लक ठेवली गेली.

या तिघांनी जे पाहिले ते मृगजळच होते, फक्त आपल्या ओळखीच्या मृगजळाच्या नेमके उलटे. ते समजून घ्यायचे तर आधी आपल्या डांबरी रस्त्यावर यायला हवे.

मे महिन्यातली दुपार. सोलापूरकडे जाणारा सरळसोट रस्ता. समोर रस्त्यावर पाणी साचल्यासारखे चकाकते, समोरून येणाऱ्या ट्रकचे उलटे प्रतिबिंबही त्यात थरथरते, आणि जवळ जावे तसे ते पाणी मागे सरकते. समजा, डांबर ६० अंश तापले आहे आणि त्याच्या वरची हवा ४० अंशांची आहे. डांबराला चिकटलेला हवेचा पातळ थर जास्त तापतो, विरळ होतो, आणि विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगाने धावतो. किंचित म्हणजे किती? सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या वेगात फरक पडतो साधारण साडेचार किलोमीटरचा. टक्केवारीत मांडायला गेलो तर शून्यांपुढे शून्येच येतील.

पण एवढा फरक पुरतो. मिरवणुकीतल्या लेझीम पथकाची आडवी रांग डोळ्यांपुढे आणा. एका टोकाची पोरे जरा भरभर चालू लागली, की रांग आपोआप दुसऱ्या टोकाच्या बाजूला वळते. प्रकाशाच्या लाटेचेही तसेच होते. तिचा खालचा, तापल्या थरातला भाग पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि अख्खी लाट वरच्या बाजूला वळते. आभाळाकडून तिरका खाली येणारा प्रकाश रस्त्याला टेकण्याआधीच वळून वर उठतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना तो खालून आलेला वाटतो. तेव्हा रस्त्यावर दिसते ते आभाळ असते. निळसर आणि चकचकीत असे जमिनीवर दुसरे काय असणार? मेंदू सांगतो, पाणी.

या वळणाला मर्यादा आहे. तापमानातल्या वीस अंशांच्या फरकाने प्रकाश वळवता येतो तो रस्त्याशी एक तृतीयांश अंशाच्या आतल्या कोनात आला असेल तर. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदीसुद्धा यापेक्षा जास्त, अर्धा अंश भरते. त्यामुळे मोटारसायकलवरच्या माणसाला, ज्याचा डोळा रस्त्यापासून सुमारे १.४ मीटर उंचीवर आहे, ते पाणी अडीचशे मीटरवर दिसेल आणि ट्रकच्या केबिनमध्ये अडीच मीटर उंचीवर बसलेल्या ड्रायव्हरला साडेचारशे मीटरवर. कोन बदलत नाही, म्हणून अंतरही बदलत नाही. पाणी पळते ते यामुळे. आपण जेवढे पुढे जाऊ तेवढे तेही पुढे. बसस्टॉपवर उभे असाल तर खाली वाकून पाहा, लांबचे पाणी जवळ सरकेल.

शाळेच्या पुस्तकात या जागी 'पूर्ण आंतरिक परावर्तन' असे उत्तर लिहायचे असते आणि त्याला गुणही मिळतात. पण परावर्तनाला पृष्ठभाग लागतो, आणि हवेत तापमान इंचाइंचाने बदलत जाते, तिथे आरसा असा कुठेच नसतो. प्रकाश आदळून उडत नाही, हळूहळू वळत जातो. या सोप्या उत्तराचा उगम बराच जुना आहे. जुलै १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य अलेक्झांड्रियाहून कैरोकडे तहानेने व्याकूळ होऊन चालले होते. समोर सरोवर दिसे, त्यात गावांची प्रतिबिंबे दिसत, आणि जवळ जावे तर वाळू. सैन्यासोबत गणिती गास्पार मोंज होता. त्याच वर्षी कैरोत स्थापन झालेल्या संस्थेपुढे त्याने या दृश्याची मीमांसा मांडली. तापलेल्या हवेचा थर आरशासारखा वागतो, असे त्याचे म्हणणे होते. बियोसारख्या गणितज्ञांनी पुढे थोड्याच वर्षांत वळणाऱ्या किरणांचे गणित बारकाईने सोडवले, तरी पाठ्यपुस्तकांनी मोंजचा आरसा काही सोडला नाही.

आपल्या वेदान्त्यांना मृगजळाचे एक मर्म ठाऊक होते. दोरीवर साप दिसला, दिवा लावला, की साप जातो. मृगजळ मात्र ते पाणी नाही हे पक्के कळल्यावरही दिसतच राहते. याचे कारण सरळ आहे. दोरीवरचा साप मनाने घातलेला असतो, मृगजळ मनाबाहेर असते. कॅमेऱ्याने त्याचा फोटो निघतो. डोळे त्यात कुठेच चुकत नाहीत. चुकते ते एकच गृहीतक, की प्रकाश सरळ रेषेत आला.

हे गृहीतक परवडत नाही असा एक धंदा आहे, मोजणीदारांचा. १८४९ च्या सुमारास ब्रिटिश मोजणीदार तराईच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांवरून, 'पंधरावे शिखर' म्हणून नोंदलेल्या डोंगराचे, म्हणजे एव्हरेस्टचे, कोन घेत होते. एवढ्या अंतरात प्रकाशाच्या वळण्याने शिखर हजार फुटांहून अधिक उंच दिसते. राधानाथ सिकदर यांच्या गणिती चमूने हा फुगवटा वजा करून काढलेली उंची १८५६ मध्ये जाहीर झाली, २९,००२ फूट. आजची अधिकृत उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे जवळपास २९,०३२ फूट आहे. इतक्या लांबून, इतक्या वाकड्या उजेडात, तीस फुटांची चूक!

आता रस्त्यावरचे चित्र उलटे करा. खाली गार, वर उबदार. बर्फाच्या किंवा थंड समुद्राच्या पृष्ठभागावर अशी हवा सहज थरांत बसते. आता लाटेची वरची बाजू पुढे धावते आणि किरण खाली, पृथ्वीच्या बाजूने वळतो. क्षितिजापलीकडची जहाजे आणि किनारे त्यामुळे वर उचलल्यासारखे दिसतात, कधी सरळ, कधी उलटे, कधी एकावर एक तीन-तीन. २६ जुलै १७९७ रोजी इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावातून समुद्रापलीकडचा फ्रान्सचा किनारा इतका स्पष्ट दिसला, की लोक पाहायला धावले. १८२२ मध्ये ग्रीनलंडच्या समुद्रात विल्यम स्कोर्सबी या व्हेल पकडणाऱ्या कप्तानाला आभाळात एक उलटे जहाज दिसले. दुर्बिणीतून त्याने ते ओळखले. ते त्याच्या वडिलांचे 'फेम' होते, तीसेक मैलांवरचे, क्षितिजाच्या पार पलीकडचे. इटलीच्या मेसिना सामुद्रधुनीत समुद्रावर मनोरे आणि कमानींचे शहर उभे राहते ते याच कुळातले. तिथले लोक त्याला मोर्गाना परीची करणी म्हणत.

आणि थंड हवेवरचा उबदार थर पुरेसा ठळक असला, म्हणजे दर मीटर उंचीला तापमान साधारण एक दशांश अंशाहून अधिक वाढत असेल, तर किरणाचे वळण पृथ्वीच्या गोलाईशी जुळते. मग प्रकाश त्या थरात जणू नळीत कोंडल्यासारखा शेकडो किलोमीटर जमिनीला धरून पुढे जातो. द वेरचा सूर्य या वाटेने आला होता.

द वेरची आरोपांतून सुटका व्हायला फार वेळ लागला. केपलरने १६०४ मध्येच त्याची नोंद गांभीर्याने घेतली होती. पण शंका फिटायला पुरावा लागतो. १९१५ मध्ये अंटार्क्टिकात शॅकल्टनच्या अडकलेल्या जहाजावरून, १ मे रोजी मावळलेला सूर्य ८ मे रोजी पुन्हा अर्ध्याहून अधिक वर आलेला लोकांनी पाहिला. १९७९ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या वॉल्डेमार लेन यांनी किरणांच्या मार्गाचे गणित मांडून असे घडू शकते हे दाखवले. तारखेचे काय, हा प्रश्न उरत होता. त्याचे उत्तर द वेरनेच लिहून ठेवले होते. त्या दिवसांत त्याने चंद्र आणि गुरू यांची युती पाहिली होती, आणि ग्रहांना दिवस मोजायला माणूस लागत नाही. ती युती २४ आणि २५ जानेवारीच्या मधल्या रात्रीचीच. मोजणी बरोबर होती, सूर्यही दिसला होता.

खरे बोलणाऱ्याला कोणी मानले नाही, याची दुसरी बाजूही उत्तर ध्रुवाकडेच सापडते. १८१८ मध्ये ब्रिटिश नौदलाचा जॉन रॉस अमेरिका खंडाच्या उत्तरेची वाट शोधत लँकेस्टर साउंडमध्ये शिरला. समोर डोंगररांग आडवी दिसली. त्याने तिला नौदल खात्याचे सचिव क्रोकर यांचे नाव दिले आणि जहाजे वळवली. बरोबरच्या अधिकाऱ्यांपैकी सगळ्यांना ते पटले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांच्यातला एडवर्ड पॅरी त्या डोंगररांगेतून शिडे उभारून सरळ पार गेला. रॉसने पाहिले ते मृगजळ होते असेच आज बहुतेक जण मानतात. नौदलात त्याच्या नावाला बट्टा लागला तो लागलाच.

रॉस निदान प्रामाणिकपणे फसला. रॉबर्ट पीअरीबद्दल तसे म्हणता येत नाही. १९०६ मध्ये कॅनडाच्या अतिउत्तर भागातून आपल्याला दूर बर्फापलीकडे नवी भूमी दिसल्याचे त्याने पुस्तकात लिहिले आणि तिला क्रॉकर लँड असे नाव दिले. जॉर्ज क्रॉकर या धनिकाने त्याच्या मोहिमेला ५०,००० डॉलर दिले होते. १९१३ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या पाठबळावर डोनाल्ड मॅकमिलन ती भूमी शोधायला निघाला. एप्रिल १९१४ मध्ये त्यालाही टेकड्या, दऱ्या, बर्फाची शिखरे दिसली. सोबतचा इनुइट वाटाड्या पिउगात्तोक म्हणाला, हे धुके आहे. मॅकमिलनने ऐकले नाही. सूर्य सरकला तसे ते डोंगर रूप बदलू लागले आणि शेवटी पूर्ण विरले. परतीच्या वाटेवर मोहिमेतल्या फिट्झह्यू ग्रीनने पिउगात्तोकला गोळी घातली. त्याच्यावर खटला चालला नाही. आणि पीअरीच्या त्या दिवसाच्या मूळ टिपणात काय सापडते? कुठेही जमीन दिसत नाही, असेच. मॅकमिलन खऱ्या मृगजळाने फसला; पण त्याला तिथवर पाठवले ते एका थापेने.

ज्याच्या शब्दाला वजन नव्हते त्या पिउगात्तोकला हवा नीट ठाऊक होती. मृगजळाच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडते. कोण बोलतो यावर दिसलेले खरे की खोटे ते ठरते, आणि हवेचे तापमान विचारायचे राहून जाते.

हवेची ही नळी फक्त ध्रुवांवर असते असे मात्र नाही, आणि तिच्यातून फक्त उजेडच जातो असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेला एक रडार दीड मीटर लांबीच्या लहरी सोडत असे. उन्हाळ्यात त्यावर कधी कधी अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या जागा उमटत, १,००० ते १,७०० मैलांवरच्या. त्या काळच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईपलीकडचे काहीच दिसायला नको होते. रेडिओलहरींना तापमानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, बाष्पाची खबर असते. जमिनीवरून आलेली कोरडी, तापलेली हवा अरबी समुद्रावरच्या दमट हवेच्या डोक्यावर पसरली, की लहरी त्या दोहोंच्या बेचक्यात अडकतात आणि समुद्राला धरून पार पलीकडे जातात. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की हवा वरपर्यंत ढवळून दमट होते, थर मोडतो आणि रडारची नजर पुन्हा आखूड होते.

याच समुद्रावर रोज एक छोटे मृगजळ आपण न ओळखता पाहतो. सूर्याचे बिंब पाण्याला टेकलेले दिसते तेव्हा ते प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेले असते. हवा प्रकाशाला क्षितिजाशी सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकवते आणि बिंबाची रुंदी आहे ३२ कला. कॅलेंडरातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांत ही दुरुस्ती केलेली असते, म्हणून २१ मार्चलाही आपल्याकडचा दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटे मोठा भरतो. समुद्राचे पाणी हवेपेक्षा उबदार असले, तर मावळत्या बिंबाला खालून त्याचाच एक उलटा तुकडा येऊन चिकटतो. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर गेलात, तर शेवटची दोन मिनिटे बिंबाची खालची कड पाहा. मात्र दुर्बीण सूर्याकडे रोखू नका. त्यासाठी मोबाइलचा कॅमेरा पुरे.