भाडेकरूची तक्रार: ऐकायची कशी, सोडवायची कशी



मागच्या भागात आपण भाडेकरार पाहिला. आज त्याच्या पुढचं. करार झाला, किल्ली दिली, आणि पंधरा दिवसांत फोन आला, "काका, पाणी येत नाहीये." आता काय करायचं?

हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. फौजेत असताना, क्वार्टर मिळेपर्यंत कितीतरी गावांत भाड्यानं राहिलो. निवृत्तीनंतर इथं रायपूरला घर बांधलं. खाली आम्ही, वर भाडेकरू. इथं त्यांना किरायेदार म्हणतात. नागपूरकडच्या मंडळींना हा शब्द नवा नाही.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. मे महिना होता. रायपूरचा मे म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर आणि कूलर रात्रंदिवस चालू. वरच्या ताई एका संध्याकाळी म्हणाल्या, "काका, कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात." मी म्हणालो, "चप्पल घालून हात लावा, उद्या बघतो." उद्याचा परवा झाला. चौथ्या दिवशी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलानं अंघोळ करून ओल्या अंगानं कूलरला हात लावला. धक्का बसून तो मागं फेकला गेला, म्हणून वाचला. चिकटला असता तर काय झालं असतं, ते मला आजही बोलवत नाही.

इलेक्ट्रिशियननं उघडून पाहिलं. कूलरच्या पंपाची वायर सोललेली होती, आणि घराच्या अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती. कूलर त्यांचा, पण अर्थिंग माझं. ताई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. तक्रार म्हणजे भांडण नव्हे, खबर आहे. चौकीवरचा संतरी "समोर काहीतरी हललं" म्हणाला, तर त्याला कुणी "भास झाला असेल" म्हणत नाही. आधी खबर घेतात, मग तपासतात. आपल्या घरात आपण राहत नाही, तिथं भाडेकरू हाच आपला संतरी. तक्रार करणाऱ्या भाडेकरूला घाबरू नका. तक्रार करणं ज्यानं सोडून दिलं, त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कळतच नाही.

पहिलं काम: लिहून घ्या. फौजी क्वार्टरची देखभाल एमईएसकडे असते. तिथं तक्रार नोंदवहीत लिहायची पद्धत. मी घरी तीच वही ठेवली. तारीख, तक्रार, काय केलं, खर्च किती. फोनवर सांगितलं तरी भाडेकरूला म्हणायचं, व्हॉट्सॲपवर एक ओळ आणि फोटो टाका. पुढं वाद झाला तर दोघांकडेही पुरावा राहतो.

दुसरं: तीन गट पाडा. शॉक, गॅसचा वास, ठिणग्या, तुंबलेला संडास, दाराचं कुलूप बिघडणं, पाणी पूर्ण बंद: हे आजच्या आज. नळ गळणं, पंखा बंद, मोटर कुरकुरणं: तीन दिवसांत. ओल, रंग, खिडकीची चौकट: तारीख ठरवून. आणि कोणत्याही गटात असो, त्याच दिवशी उत्तर द्या. "शनिवारी प्लंबर येईल" एवढंही पुरतं. माणूस बिघाडापेक्षा उत्तर न मिळाल्यानं जास्त चिडतो.

तिसरं: खर्च कुणाचा? खरी भांडणं इथं होतात. केंद्र सरकारनं २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा आणला. तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण त्यातली दुरुस्त्यांची वाटणी करारात उतरवून घेण्यासारखी आहे. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, स्विच-सॉकेट, गीझर, कुलपं, खिडकीच्या काचा, नाली साफ करणं भाडेकरूकडे. जुना कायदाही विसरू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, मालकाला करावीच लागणारी दुरुस्ती त्यानं कळवूनही केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणजे टाळून पैसे वाचत नाहीत.

चौथं: नेहमीच्या तीन तक्रारी. वीजबिल: दोन कुटुंबं एका मीटरवर असली की युनिट वाढतात आणि दर वरच्या टप्प्यात जातो. मग "आम्ही एवढी वापरलीच नाही" हे सुरू. शक्य असेल तर वेगळं मीटर घ्या; नाहीतर सब-मीटर लावून दर महिन्याला दोघांनी मिळून आकडा पाहायचा.

ओल: वरून रंग मारू नका. पाणी येतंय कुठून ते शोधा. गच्चीची भेग, पाइपचा सांधा की वरच्या बाथरूमच्या फरशीची फट? ते काम जूनच्या आत, पाऊस लागण्यापूर्वी.

आणि तिसरी, जी भाडेकरू तोंडावर सांगत नाहीत: "मालक कधीही आत येतात." घर आपलं असलं तरी आत संसार त्यांचा आहे. आदर्श कायद्यात २४ तास आधी कळवायला सांगितलंय. आग, पाणी, अपघात सोडून हा नियम पाळा.

पाचवं: हे कधीच करू नका. रागानं पाणी किंवा वीज तोडणं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये याला मनाई आहे, आदर्श कायद्यातही आहे. छत्तीसगडचा वेगळा कायदा २०११ चा आहे. इथं वाद मिटत नसेल तर भाडे नियंत्रकाकडे जायचं, त्यावर न्यायाधिकरण आहे. तुम्ही ज्या राज्यात असाल तिथला कायदा वकिलाकडून समजून घ्या. पण वही नीट ठेवली, तर बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

आता या रविवारची दोन कामं. एक, वही सुरू करा. दोन, मेन बोर्डावर आरसीसीबी आहे का पाहा. वीज गळायला लागली की ते क्षणात प्रवाह तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं लावतात. असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबा, ते पडलं पाहिजे. नसेल तर बसवून घ्या आणि अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

माझ्याकडे हे सगळं त्या मुलाला धक्का बसल्यानंतर झालं. तुमच्याकडे आधी होऊ द्या.

पुढच्या भागात अनामत रक्कम परत करताना होणारे वाद पाहू. जय हिंद.